जेजेच्या भिंतीवर अफूचाही उल्लेख हवा

१८४२ सालच्या ऑगस्टमध्ये नानकिंगजवळ यांगत्से नदीत नांगरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या इंग्रज युद्धनौकेवर, पहिल्या अफू युद्धात हरलेल्या चीनच्या प्रतिनिधींनी तहावर सह्या केल्या. ही नौका मुंबईच्या गोदीत बांधलेली होती, १८१३ साली, सागवानी लाकडाची, वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या देखरेखीखाली. तहानुसार चीनने हाँगकाँग बेट इंग्रजांच्या हवाली केलं, पाच बंदरं व्यापाराला उघडली आणि २ कोटी १० लाख डॉलर मोजायचं कबूल केलं. त्यातले ६० लाख होते ते चीनच्या कँटन बंदरात जप्त होऊन नष्ट झालेल्या अफूची भरपाई म्हणून. त्या अफूत मुंबईहून गेलेला मालही भरपूर होता.

त्याच १८४२ मध्ये मुंबईच्या एका व्यापाऱ्याला राणी व्हिक्टोरियाच्या सरकारने ‘सर’ ही पदवी दिली. हा मान मिळालेला पहिला हिंदी माणूस म्हणजे जमशेटजी जीजीभाई. मुंबईचं जेजे रुग्णालय आणि जेजे कला महाविद्यालय यांच्याच नावाचं. चीनला जाणाऱ्या मुंबईच्या अफूच्या व्यापारातलं त्यांचं नाव अगदी वरच्या रांगेतलं.

पदवी अफूसाठी मिळाली असं कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. ती मिळाली दानधर्मासाठी, आणि दान खरोखरच अफाट होतं. पण मुंबईत जन्म काढलेल्या, जेजेत बाळंत झालेल्या, जेजेत चित्रकला शिकलेल्या, रोज माहीमच्या कॉजवेवरून कामाला जाणाऱ्या लाखो माणसांना या आयुष्याचा एकच अर्धा भाग ठाऊक आहे. दानशूर, गरिबीतून वर आलेला, दयाळू शेठ, एवढाच. दुसरा अर्धा भाग इतिहासाच्या अभ्यासकांना पाठ आहे, पण तो त्यांच्यातच राहिला आहे. माझं म्हणणं असं आहे की हा दुसरा भाग त्याच संस्थांच्या दारात, ठळक अक्षरांत लिहिला गेला पाहिजे. नाव बदलू नये, पुतळा हलवू नये. पण पैसा कुठून आला ते सांगितल्याशिवाय तो कुठे गेला हे सांगणं थांबवावं.

आधी माणूस नीट समजून घेऊ, कारण तो समजून घेण्यासारखाच आहे.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. १७९९ मध्ये आईबाप दोघंही गेले. सोळा वर्षांचं पोर मामाच्या आश्रयाला आलं. मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला; रिकाम्या बाटल्यांचा धंदा, म्हणून आडनाव बाटलीवाला. जमशेटजींचं शिक्षण जेमतेम. पुढे ते स्वतःही बाटलीवाला म्हणूनच ओळखले जात. १८०३ मध्ये मामांची मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचं लग्न झालं. मुंबईच्या कोटातल्या पारशी वस्तीत असे पुष्कळ तरुण होते. वेगळेपणा इतकाच की या तरुणाला समुद्राची भीती वाटली नाही. त्याने चीनच्या पाच सफरी केल्या.

चौथ्या सफरीची हकिगत सांगितल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. १८०५ साली चीनला जाताना जमशेटजी ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘ब्रन्सविक’ या जहाजावर होते. युरोपात नेपोलियनची युद्धं पेटलेली, आणि हिंदी महासागरात फ्रेंच नौका इंग्रजांची व्यापारी जहाजं टिपत फिरत होत्या. सिंहलच्या गॉलजवळ अ‍ॅडमिरल लिन्वाच्या ताफ्याने ‘ब्रन्सविक’ पकडलं. माल गेला, प्रवासी कैदी झाले, आणि जहाज थेट आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेलं गेलं. तिथून एका डॅनिश जहाजाने कलकत्ता आणि मग मुंबई, असा हा बावीस वर्षांचा तरुण रिकाम्या हाताने घरी पोचला. पण ‘ब्रन्सविक’वर त्याची एका स्कॉटिश डॉक्टरशी गाठ पडली होती. डॉक्टरचं नाव विल्यम जार्डीन. पुढे जार्डीनने वैद्यकी सोडून व्यापार धरला, आणि १८३२ मध्ये जेम्स मॅथेसनबरोबर कँटनमध्ये जार्डीन मॅथेसन ही कंपनी काढली. चीनच्या किनाऱ्यावर अफू विकणाऱ्या पेढ्यांत ही सर्वांत मोठी ठरली. मुंबईतून तिला माल पुरवणारा मुख्य माणूस जमशेटजी. हा संबंध पुढे कित्येक वर्षं टिकला.

१८१४ मध्ये त्यांनी पहिलं स्वतःचं जहाज घेतलं, ‘गुड सक्सेस’. मग एकामागून एक जहाजं जोडली. सुरुवातीचा पैसा कापसाचा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गुजरातचा कापूस चीनला जायचा. पण खरी संपत्ती झाली ती अफूने. आपली जहाजं असल्याचा फायदा असा, की भाडंही आपल्याच घरात, विमाही आपल्याच वर्तुळात आणि माल कधी सुटायचा हेही आपल्याच हातात.

१८१८ मध्ये जमशेटजी जीजीभाई अँड कंपनी उभी राहिली. तिचे भागीदार कोण होते ते पाहण्यासारखं आहे. एक होते जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजे मोतीशा शेठ. दुसरे कोकणी मुसलमान महमद अली रोगे, नाखुद्यांच्या म्हणजे जहाजाच्या कप्तानांच्या घराण्यातले. पारशी, जैन आणि मुसलमान एकाच पेढीवर बसून चीनला माल पाठवत होते. मोतीशांनी भायखळ्याचं आदिनाथाचं देरासर म्हणजे जैन मंदिर बांधलं. रोग्यांनी १८३७ मध्ये जुम्मा मशिदीवर मजला चढवला. भुलेश्वरचा पांजरापोळ १८३४ मध्ये जमशेटजी आणि अमीचंद शेठांच्या घराण्याच्या पुढाकाराने सुरू झाला. म्हणजे मुंबईतलं एक देऊळ, एक मशीद, एक पांजरापोळ, एक इस्पितळ आणि एक चित्रशाळा यांच्यामागे एकाच पेढीतली माणसं उभी आहेत. मुंबईच्या सर्वधर्मीय सहजीवनाचं कौतुक करताना या गोष्टीही आठवायला हव्यात. गोमंतकातून आलेल्या रोजेरिओ द फारिया या मुंबईकर व्यापाऱ्याने दमण-मकाव मार्गाने अफूचाच धंदा केला. तेव्हा हा कुणा एका जमातीचा दोष काढण्याचा विषय नाही, आणि ज्यांना तो तसा करायचा आहे त्यांच्याशी माझं जमणार नाही.

आता माल. मुंबईहून जाणारी अफू माळव्याची असे. बंगाल-बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या मक्तेदारीत होती, तिथे शेतकऱ्याने काय लावायचं आणि काय भावाने द्यायचं हे साहेब ठरवी. माळवा मात्र संस्थानी मुलूख, त्यातला मोठा भाग शिंदे-होळकरांचा. म्हणजे मराठी सरदारांच्या राज्यात पिकलेलं पीक होतं हे. हिवाळ्याच्या तोंडावर खसखस पेरायची. माघ-फाल्गुनात बोंडं भरली की दुपारी त्यांना उभे चिरे द्यायचे. रात्रभर चीक झरतो आणि पहाटे तो थिजलेला चीक पात्याने खरवडून जवसाच्या तेलात ठेवायचा. मग मळून त्याच्या वड्या-गोळे करायचे आणि वाळल्या पाल्यात लोळवून पेट्यांत भरायचे. एका पेटीत साठ किलोहून थोडा अधिक माल. शेतकऱ्याला सावकाराची उचल आधीच असे, त्यामुळे भाव चढला तरी त्याच्या पदरात पडायचा तो ठरलेलाच. त्याच्या वरती गावचा सावकार, त्यावर उज्जैन-इंदूरचे सराफ, त्यावर मुंबईचे शेठ, त्यावर कँटनचे गोरे व्यापारी, अशी ही उतरंड.

कंपनी सरकारने १८१८ नंतर हा माळव्याचा माल रोखायचा आणि मग स्वतःच विकत घ्यायचा बराच खटाटोप केला. तो फसला. माल कराचीकडून आणि पोर्तुगिजांच्या दमणमधून निसटत राहिला. शेवटी १८३१ मध्ये कंपनीने हात टेकले आणि परवान्याची पद्धत आणली: पेटीमागे ठराविक कर भरा आणि उघड मुंबईतून न्या. सुरुवातीला हा कर पेटीला १७५ रुपये होता. जमशेटजींची भरभराट झाली ती याच काळात. १८२० च्या आसपास चीनमध्ये वर्षाला सगळी मिळून चार-पाच हजार पेट्या अफू जायची. १८३८-३९ पर्यंत हा आकडा ३५-४० हजारांच्या घरात गेला. चीनमध्ये अफूवर बंदी होती. जहाजं कँटनबाहेर लिंटिन बेटापाशी उभी राहत, स्थानिक चोरटे व्यापारी वल्ह्यांच्या वेगवान होड्या घेऊन येत, चांदी मोजून पेट्या उतरवून घेत. त्या चांदीने लंडनसाठी चहा विकत घेतला जाई. मुंबईच्या शेठजींना चीनची बंदी स्वतःच्या हाताने कधी मोडावी लागली नाही, त्यांचा माल दुसऱ्याच्या नावावर किनाऱ्याला लागे.

हे सगळं जमशेटजींना माहीत नव्हतं असं मानायला जागा नाही. त्यांच्या पेढीच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेल्या आहेत. त्या वह्यांतला माणूस जार्डीन मॅथेसनला पत्रं पाठवतो, भावाची चौकशी करतो, मालाच्या प्रतीबद्दल हुज्जत घालतो. हुशार, शब्दाला जागणारा, भागीदाराची काळजी करणारा असा तो व्यापारी आहे, आणि व्यापार कशाचा चाललाय ते त्याला पुरतं ठाऊक आहे.

याच माणसाने १८२२ मध्ये मुंबईच्या तुरुंगात कर्जापायी अडकलेल्या गरिबांची देणी आपल्या खिशातून फेडून त्यांना सोडवलं. १८४१ च्या सुमाराला माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसं बुडाली. वांद्र्याहून मुंबईत यायला तेव्हा होडीशिवाय मार्ग नव्हता आणि पावसाळ्यात होडी म्हणजे जिवाशी खेळच. पूल बांधावा ही मागणी जुनी होती, आणि सरकार पैसा नाही म्हणत होतं. आवाबाईंनी आपल्या पैशातून हा बांध घालून दिला. दीड लाखाहून जास्त रुपये लागले, आणि त्यांनी अट घातली की या रस्त्यावर सरकारने कधीही टोल घ्यायचा नाही. एप्रिल १८४५ मध्ये कॉजवे खुला झाला. ही अट मला फार मोलाची वाटते. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही कोरड्या पायाने खाडी ओलांडता आली पाहिजे, हा विचार त्या बाईंनी कागदावर उतरवून सरकारकडून वदवून घेतला. आज त्याच खाडीच्या मुखाशी २००९ मध्ये झालेल्या सागरी सेतूवर टोल आहे, आणि दुचाकीवाल्याला तिथे प्रवेशच नाही. सार्वजनिक कामाची पावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक कल्पना आजच्यापेक्षा उदार होती, हे मान्य करायला मला अडचण नाही.

इस्पितळासाठी लाख रुपये दिले तेही सरकारने आपला वाटा उचलावा या बोलीवर. जानेवारी १८४३ मध्ये पायाभरणी झाली, १८४५ मध्ये दारं उघडली, शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज आलं. चित्रशाळेसाठी १८५३ मध्ये आणखी एक लाख, ती १८५७ मध्ये सुरू झाली. चित्रकार धुरंधर तिथलेच, दादासाहेब फाळके तिथेच शिकले, चित्रकार गायतोंडेही तिथलेच. पुण्यात मुळा-मुठेवर पाण्यासाठी बंधारा घालायला त्यांनी पैसे दिले, बंड गार्डनचं नाव त्या बंधाऱ्यावरून आलेलं आहे. ठाकूरद्वाराजवळ गुरांसाठी चराऊ जमीन घेऊन दिली असं सांगतात. पारशी मुलांसाठी १८४९ मध्ये संस्था काढली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संघटना स्थापन झाली तेव्हा नाना शंकरशेट तिचे अध्यक्ष आणि जमशेटजी मानद अध्यक्ष. नानांबरोबर ते रेल्वेच्या पहिल्या संचालकांतही होते. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला आणि १४ एप्रिल १८५९ ला वारले.

हे दान ढोंग होतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कर्जदारांना सोडवलं १८२२ मध्ये, पदवी मिळाली वीस वर्षांनी. टोल नसण्याच्या अटीतून शेठजींची कीर्ती काही वाढणार नव्हती. दया खरी होती. प्रश्न एवढाच, की ती दया कुणापर्यंत पोचली आणि कुणापर्यंत पोचली नाही. ती माहीमच्या खाडीपर्यंत पोचली, लिंटिनपर्यंत पोचली नाही. माळव्यातल्या उचलीत अडकलेल्या कुणब्यापर्यंतही नाही.

‘त्या काळी कोणालाच त्यात गैर वाटत नव्हतं, आजच्या नजरेने पाहणं अन्याय आहे,’ हा यावरचा पहिला आक्षेप. इतिहास वाचणारी चांगली माणसंही हे म्हणतात. पण ते खरं नाही. चीनने अफूवर पहिली बंदी घातली १७२९ मध्ये. १८३९ मध्ये आयुक्त लिन झेशू यांनी वीस हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेऊन कँटनजवळच्या हुमेनला चुन्याच्या खड्ड्यांत मिसळून समुद्रात सोडल्या. राणी व्हिक्टोरियाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी साधा प्रश्न विचारला होता: स्वतःच्या देशात जे विष म्हणून वर्ज्य मानता, ते दुसऱ्याच्या देशात नफ्यासाठी कसं पाठवता? १८४० मध्ये खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये तरुण ग्लॅडस्टननी, पुढे पंतप्रधान झाले ते, अफू युद्धाला अन्यायाचं आणि देशाला काळिमा फासणारं युद्ध म्हटलं. पण हे परके झाले. जमशेटजींच्याच समाजातले दादाभाई नवरोजी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले, आणि अफू-दारूच्या नफ्यातला वाटा घ्यायला नकार देऊन त्या कंपनीतून बाहेर पडले. पुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा करताना त्यांनी अफूच्या व्यापाराला इंग्लंडच्या माथ्यावरचं पाप म्हटलं. जमशेटजी हयात असतानाच त्याच मुंबईचा, त्याच धर्माचा एक तरुण व्यापारी हा पैसा नको म्हणत होता. ‘त्या काळी’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधणं हा दादाभाईंवर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. इंग्रज मोकळे सुटणार आणि आपण आपल्याच माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार का? हे विचारणाऱ्याचं दुखणं मला कळतं. अफूच्या पैशातला सिंहाचा वाटा कंपनी सरकारचाच होता. जमीन महसुलानंतर सरकारच्या सर्वांत मोठ्या उत्पन्नांत अफूची गणना व्हायची. बंगालची शेती सक्तीची, माळव्याचा कर सरकारच्या तिजोरीत, युद्ध सरकारच्या तोफांनी लढलेलं. जार्डीन मॅथेसनसारख्या पेढ्यांशी व्यवहार करताना मुंबईचे व्यापारी बरोबरीचे नव्हतेच. भाव, जहाज आणि माहिती यांवर पकड गोऱ्यांची. पुढे आगबोटी आल्या, १८३० च्या दशकात बगदादहून मुंबईत आलेल्या ससूनांनी या धंद्यात जम बसवला, आणि जुने पारशी शेठ मागे पडले. पुण्याच्या ससून इस्पितळाला नाव आहे ते याच घराण्याचं. तेव्हा हिशेब मांडायचा तर वरपासून मांडू, इंग्लंडच्या खजिन्यापासून. पण वरचा मोठा गुन्हेगार आहे म्हणून खालचा भागीदार निर्दोष ठरत नाही. आणि आपल्या भिंतीवरचा फलक लिहिणं आपल्या हातात आहे, लंडनचा नाही.

तिसरा आक्षेप रोजच्या व्यवहारातला. जेजेच्या ओपीडीत केसपेपरसाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईला याचं काय? तिला डॉक्टर हवाय, औषध हवंय. बरोबर आहे. पण त्याच बाईच्या नातवाला शाळेत दानशूर जमशेटजींचा धडा शिकवताना आपण काय शिकवतो? मेहनत करा, श्रीमंत व्हा, मग दान करा. मधलं वाक्य आपण सहज गाळतो, आणि ते गाळल्यामुळे आजच्या प्रत्येक पैसेवाल्याला हा धडा सोयीचा पडतो. आपल्या राज्यात आज अशा इमारती कमी नाहीत. तंबाखू-गुटख्याच्या पैशातून उभी राहिलेली सभागृहं आहेत, दारूच्या पैशातून चाललेली शाळा-कॉलेजं आहेत, जमिनीच्या व्यवहारातून आलेल्या पैशांवर उभी धर्मादाय इस्पितळं आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी बाजूला काढायला लावलं. चांगली गोष्ट. पण ते दोन टक्के कुठे खर्च झाले याचे फोटो छापून येतात, उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले याबद्दल कोणी विचारत नाही. जिल्हा रुग्णालयाला रुग्णवाहिका दिली की दात्याचं नाव रुग्णवाहिकेच्या दारावर, आणि त्याच दात्याच्या कारखान्याच्या सांडपाण्याने आजारी पडलेला माणूस त्याच रुग्णवाहिकेत, हे चित्र कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्याला नवं नाही.

मग नावच का काढू नये? इतरत्र ते झालं आहे. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक औषधाच्या कंपनीचं मालक असलेल्या सॅकलर घराण्याचं नाव पॅरिसच्या लूव्रने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये दालनांवरून उतरवलं. ते औषधही शेवटी खसखशीच्याच झाडाच्या घटकापासून बनतं. ब्रिस्टलमध्ये जून २०२० मध्ये लोकांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा ओढून बंदरात टाकला. सॅकलरांच्या बाबतीत मला ते योग्य वाटतं. त्यांचे बळी हयात आहेत, खटले चालू होते, आणि नाव ही त्यांना मिळणारी चालू प्रतिष्ठा होती. जमशेटजींचं तसं नाही. आज नाव पुसलं तर कुणाला शिक्षा होणार नाही, उलट आठवण करून देणारा शेवटचा धागाच तुटेल. ‘जेजे’ ही दोन अक्षरं गेली की मुंबई कशावर उभी राहिली हे विचारायचं निमित्तही जाईल. नामांतराच्या राजकारणाचा आपल्याला दांडगा अनुभव आहे. पाटी बदलते, मिरवणूक निघते आणि प्रश्न तिथेच संपतो. म्हणून नाव राहावं आणि त्याच्यासोबत बाकीचंही लिहावं.

काय लिहावं? माळवा, लिंटिन, जार्डीन मॅथेसन, १८३१ चा परवाना, १८३९ चं हुमेन. मोतीशा आणि रोगे यांची नावं. आवाबाईंची टोल न घेण्याची अट. चीनमध्ये या मालाने किती घरं बसली याचा आकडा देता येणार नाही, पण त्या देशाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर वर्षं अपमानाची मानली आणि त्यांची सुरुवात या युद्धापासून धरली, एवढं तरी लिहावं. कंपनी सरकारचा वाटा सर्वांत वर. दोन-चार परिच्छेदांत मावेल एवढं आहे हे. जेजे रुग्णालय आणि ससून ही आज सरकारी रुग्णालयं आहेत, त्यांचा खर्च करदात्याच्या पैशातून चालतो. त्यामुळे यासाठी कुणा वारसाची परवानगी मागायची गरज नाही. वैद्यकीय शिक्षण खात्याने ठरवलं तर एका परिपत्रकाचं काम आहे. त्याच परिपत्रकात पुढची सोयही करावी: सार्वजनिक रुग्णालय किंवा कॉलेज यापुढे जेव्हा कुणाचं नाव घेईल, तेव्हा देणगीची रक्कम, अटी आणि पैसा कोणत्या व्यवसायातून आला हे तिन्ही जाहीर करणं बंधनकारक असावं. ज्याला हे सांगायचं नाही त्याने गुप्तदान करावं. आपल्याकडे त्याची परंपरा आहेच.

पहिला फलक कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी करावा असं मला वाटतं. अक्षरलेखनात जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात धरणारं कोणी नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जमशेटजींच्या पत्रांच्या निवडक पानांच्या प्रती काढाव्यात, त्यांचा मराठी अनुवाद व्हावा, आणि ती पानं फलकाशेजारी लावावीत, म्हणजे वाचणाऱ्याला व्यापाऱ्याचा आवाज त्याच्याच शब्दांत ऐकू येईल. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत हवाच, पण तिसरी भाषा चिनी असावी. जेजेपासून जवळच माझगावात नवाब टँकच्या बाजूला चिनी लोकांचं जुनं मंदिर आहे, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेली चिनी कुटुंबं आहेत. या व्यवहाराबद्दल मुंबईने त्यांच्या भाषेत आजवर एक ओळही लिहिलेली मला दिसलेली नाही.